महिला बुद्धिबळातले वाद नेमके कोणामधले?

तापीकाठ (चोपडा), धागाकर्ती

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत कोनेरू हंपी आणि नागपूरची दिव्या देशमुख यांच्यात झाली, आणि तेव्हापासून आमच्या शाळेतील बुद्धिबळ वर्गाला येणाऱ्या मुलींमध्ये स्पष्ट वाढ झाली. मात्र त्यांच्याबरोबर येणारे पालक मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: या दोघींचे आता एकमेकींशी पटत असेल का? दोन संथ डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत सुटला आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने बाजी मारली. लढतीचा इतिहास एवढाच आहे. त्यात भांडण कोठेही नाही. तरीही दोन स्त्रिया समोरासमोर बसल्या की त्यांच्यात वैर असलेच पाहिजे, असे आपण गृहीत धरतो, आणि ते गृहीतक वर्गातल्या नऊदहा वर्षांच्या मुलींपर्यंत पोहोचते, याची मला काळजी वाटते.

म्हणून मी महिला बुद्धिबळातील गाजलेले वाद जरा बारकाईने वाचून काढले. माझे मत असे झाले आहे की यातले बहुतेक वाद दोन खेळाडूंमधले नव्हतेच. संघटनेने किंवा नियमाने एक निर्णय घेतला, त्या निर्णयामुळे एकीचे नुकसान आणि दुसरीचा फायदा झाला, आणि लोकांनी त्याला त्या दोघींचे भांडण म्हटले.

हंगेरीच्या सुझन पोल्गार यांच्या कारकिर्दीतील तीन प्रसंग पाहावेत. १९८६ मध्ये फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, ठरवले की जगातील सर्व महिला खेळाडूंच्या रेटिंगमध्ये (खेळाची ताकद दाखवणाऱ्या गुणांकनात) १०० गुणांची वाढ करायची, अपवाद फक्त सुझन पोल्गार यांचा. कारण असे देण्यात आले की बाकीच्या महिला मुख्यतः आपापसांतच खेळत असल्याने त्यांचे रेटिंग प्रत्यक्षापेक्षा कमी राहिले आहे, आणि पोल्गार पुरुषांबरोबर खेळत असल्याने त्यांचे रेटिंग योग्यच आहे. या युक्तिवादात तथ्य अजिबात नव्हते असे मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या गटांत खेळणाऱ्यांचे रेटिंग एकमेकांशी ताडून पाहणे खरोखरच अवघड असते. परंतु जानेवारी १९८७ च्या यादीत याचा परिणाम असा झाला की पोल्गार यांचे पहिले स्थान गेले आणि तेव्हाच्या जगज्जेत्या माया चिबुर्दानिद्झे पहिल्या झाल्या. चिबुर्दानिद्झे यांनी त्यासाठी एक प्यादेही हलवले नव्हते.

दुसरा प्रसंग १९९३ चा. जगज्जेत्या शिए जुन यांची आव्हानवीर ठरवण्यासाठी पोल्गार आणि नाना इओसेलियानी यांच्यात सामना झाला. तो बरोबरीत सुटला, जादा डावांनीही निकाल लागला नाही, आणि शेवटी चिठ्ठी काढून इओसेलियानी यांना विजयी ठरवण्यात आले. जगज्जेतेपदाच्या लढतीत कोणी उतरायचे हे चिठ्ठीने ठरले! पुढे शिए जुन यांनी इओसेलियानी यांना ८.५–२.५ असे सहज हरवले.

तिसरा प्रसंग सर्वांत कटू आहे. १९९६ मध्ये स्पेनमधील हाएन येथे शिए जुन यांना ८.५–४.५ असे हरवून पोल्गार जगज्जेत्या झाल्या. पुढच्या आव्हानवीराच्या सामन्यासाठी अलिसा गालियामोवा आणि शिए जुन पात्र ठरल्या, पण सगळे डाव चीनमध्येच खेळायला गालियामोवा यांनी नकार दिला आणि शिए जुन न खेळताच विजयी ठरल्या. नंतर पोल्गार यांच्या बाळंतपणाच्या सुमारास सामन्याच्या तारखा आणि ठिकाण यांवरून त्यांचे फिडेशी जमले नाही. १९९९ मध्ये त्यांचे पद काढून घेण्यात आले आणि शिए जुन व गालियामोवा यांच्यात नवा सामना लावण्यात आला. पोल्गार क्रीडा लवादाकडे गेल्या, तडजोडीत त्यांना २५,००० डॉलर मिळाले, पद मिळाले नाही.

या तिन्ही वेळी पोल्गार यांच्यासमोर दुसऱ्या स्त्रीचे नाव होते. माझा प्रश्न असा आहे की ते नाव त्या ठिकाणी कोणी आणून ठेवले? जाणकारांनी आपली मते मांडावीत, असहमती असल्यास तीही मोकळेपणाने लिहावी.

भुसावळ_जंक्शन

ताई, धागा उत्तम आहे, पण मी निम्म्यापर्यंतच सहमत आहे. आपण सर्व दोष संघटनेच्या माथी टाकला की एक वेगळाच अन्याय होतो, तो असा की स्त्रियांमध्ये कडवी, वर्षानुवर्षे टिकणारी, जिद्दीची स्पर्धा असू शकते हेच आपण नाकारतो. पुरुषांच्या बाबतीत आपण कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांचे वैर अभिमानाने सांगतो. मग स्त्रियांचे का सांगू नये?

वेरा मेनचिक १९२७ मध्ये पहिल्या महिला जगज्जेत्या झाल्या आणि १९४४ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात मृत्यू येईपर्यंत ते पद त्यांच्याकडेच होते. त्यांच्या काळात त्यांना खऱ्या अर्थाने आव्हान देऊ शकणारी एकच स्त्री होती, ती म्हणजे जर्मनीच्या सोन्या ग्राफ. १९३७ मध्ये ऑस्ट्रियातील सेमरिंग येथे दोघींचा सोळा डावांचा सामना झाला, तो मेनचिक यांनी ११.५–४.५ असा जिंकला. दोन वर्षांनी ब्युनोस आयरेस येथील जगज्जेतेपद स्पर्धेत ग्राफ जर्मनीच्या झेंड्याखाली न खेळता स्वतंत्र खेळाडू म्हणून उतरल्या, पुन्हा दुसऱ्या आल्या, आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे अर्जेंटिनातच राहिल्या. ही गोष्ट कोणत्याही नियमाने घडवलेली नाही. एक खेळाडू दुसरीपेक्षा सरस होती आणि दुसरीने तरीही हार मानली नाही.

दुसरे उदाहरण माझे विशेष आवडते आहे. नोना गाप्रिंदाश्विली यांनी १९६२ मध्ये एलिझावेता बिकोवा यांना ९–२ असे हरवून पद मिळवले आणि त्यानंतर १९६५, १९६९ आणि १९७२ अशा सलग तीन लढतींत त्यांच्यासमोर एकच आव्हानवीर होती, आला कुशनिर. पहिल्या लढतींत फरक मोठा होता, पण १९७२ मध्ये रीगा येथे निकाल ८.५–७.५ असा लागला, म्हणजे अवघ्या एका गुणाचा फरक. त्यानंतर कुशनिर सोव्हिएत संघ सोडून इस्रायलला गेल्या, तरीही जिद्द सुटली नाही. १९७७ मध्ये पुन्हा आव्हानवीरांच्या अंतिम सामन्यात पोहोचल्या आणि तेथे किशोरवयीन चिबुर्दानिद्झे यांच्याकडून ७.५–६.५ अशा, पुन्हा एकाच गुणाने, पराभूत झाल्या. पुढच्याच वर्षी चिबुर्दानिद्झे यांनी सतराव्या वर्षी गाप्रिंदाश्विली यांचे पद घेतले. कुशनिर नंतर पुरातत्त्वाच्या अभ्यासाकडे वळल्या. तीनदा शिखराखाली येऊन थांबलेल्या या बाईंचे नाव आपल्याकडे किती मुलींना माहीत आहे?

आणि जेथे खेळाडूंनीच खेळाडूवर अन्याय केला तेथे तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. २०१५ मध्ये जॉर्जियातील चाकवी येथे युरोपीय महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. रुमानियाच्या मिहाएला सांदू यांचे मानांकन फारसे वरचे नव्हते, पण त्यांनी पहिले पाचही डाव जिंकले. त्यावर काही सहखेळाडूंनी सह्यांचे पत्र देऊन, थेट त्यांचे नाव घेऊन, संशय व्यक्त केला आणि त्यांच्या डावांचे थेट प्रक्षेपण रोखण्याची मागणी केली. पुरावा काहीही नव्हता. त्या पत्रामागे ज्या खेळाडू प्रमुख मानल्या गेल्या, त्या नतालिया झुकोवा यांनीच ती स्पर्धा जिंकली. पुढे फिडेच्या नीतिसमितीने तक्रार करणाऱ्या खेळाडूंना दोषी ठरवले. येथे संघटनेने वाद लावला असे आपण म्हणू शकत नाही.

तापीकाठ (चोपडा), धागाकर्ती

भुसावळ_जंक्शन भाऊ, कुशनिर यांच्याविषयी लिहिल्याबद्दल आभार. वैर आणि चुरस यांत मी फरक करते आणि कुशनिर यांची गोष्ट मी चुरशीत मोडते. ती मुलींना सांगितलीच पाहिजे. सांदू प्रकरणात मात्र तुमचे म्हणणे मला मान्य आहे. संशय येणे समजू शकते, परंतु पंधरावीस जणींनी मिळून एकीकडे बोट दाखवणे याला दुसरे नाव देता येत नाही.

पंच_नंदुरबार

मी अनेक वर्षे जिल्हा आणि राज्य पातळीवर पंच म्हणून काम करतो, म्हणून थोडी नियमांची बाजू मांडतो.

सांदू प्रकरणात मुख्य चूक मार्गाची होती. संशय आला तर खेळाडूने एकट्याने, लेखी, मुख्य पंचाकडे तक्रार द्यायची असते. पंच आपल्या पद्धतीने तपासणी करतात आणि तक्रार निराधार ठरली तर तक्रारदारावरही कारवाई होऊ शकते. ही व्यवस्था गुप्ततेवर उभी आहे. सह्यांचे पत्र फिरवणे म्हणजे निकाल आधीच जाहीर करणे आहे. समोरची खेळाडू त्यानंतर उरलेल्या फेऱ्या कोणत्या मनःस्थितीत खेळेल, याचा विचार सह्या करणाऱ्यांनी केला नाही.

आता नियमातून निर्माण झालेल्या वादाचे एक उदाहरण देतो, कारण ते प्रत्येक पंचाने अभ्यासले पाहिजे असे मला वाटते. २००८ मध्ये नालचिक येथील महिला जगज्जेतेपद स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत पोलंडच्या मोनिका सोच्को आणि रुमानियाच्या सबिना फॉइझोर यांच्यात आर्मागेडन डाव झाला. या प्रकारात पांढऱ्याला जास्त वेळ मिळतो, पण त्याला जिंकावेच लागते. बरोबरी झाली तर काळा पुढे जातो. पांढऱ्या मोहऱ्या सोच्को यांच्याकडे होत्या. शेवटी पटावर दोघींकडे राजा आणि एकेक घोडा एवढेच उरले आणि फॉइझोर यांची वेळ संपली. पंचांनी बरोबरी दिली, म्हणजे फॉइझोर पुढे गेल्या. सोच्को यांनी दाद मागितली.

बहुतेक वाचकांना वाटेल की एका घोड्याने मात होत नाही, मग बरोबरीच योग्य. परंतु नियम असा आहे की ज्याची वेळ संपली तो हरतो, अपवाद फक्त समोरच्याला कोणत्याही वैध चालींच्या मालिकेने मात करणे अशक्य असेल तर. एकटा राजा समोर असता तर घोड्याने मात अशक्य होती. पण समोर घोडाही आहे, आणि तो आपल्याच राजाची पळण्याची वाट अडवू शकतो. काळा राजा एच-८ वर, काळा घोडा एच-७ वर, पांढरा राजा एफ-७ वर आणि पांढरा घोडा जी-६ वर मांडून पाहा, ही मात आहे. अशी स्थिती कोणी मुद्दाम खेळणार नाही, तरी ती शक्य आहे एवढे नियमाला पुरते. दाद मान्य झाली आणि सोच्को पुढच्या फेरीत गेल्या.

त्या दिवशी या दोघींविषयी पुष्कळ लिहिले गेले, सोच्को यांना अखिलाडू म्हणणारेही भेटले. मी स्पष्ट सांगतो, सोच्को यांनी नियम वाचला होता आणि पंचांनी तो त्या क्षणी नीट लावला नाही. हा वाद दोन खेळाडूंमधला मानणे हे फॉइझोर यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

केळीबागवाला (रावेर)

पंचसाहेब, पट मांडून पाहिला. आपले म्हणणे बरोबर आहे, खरोखर मात आहे. एक शंका: २०२४ मध्ये रशियातील दागिस्तानमध्ये एका खेळाडूने प्रतिस्पर्धी महिलेच्या पटावर पारा लावल्याची बातमी आली होती, कॅमेऱ्यात ते दिसलेही होते. या चर्चेत त्याचा उल्लेख कोणीच कसा केला नाही?

तापीकाठ (चोपडा), धागाकर्ती

उल्लेख मुद्दाम टाळला होता. ती प्रादेशिक स्पर्धा होती आणि प्रकरण पोलिसांचे होते. त्यावरून महिला बुद्धिबळाविषयी काही ठरवता येणार नाही. दुर्दैवाने आमच्या वर्गातील पालकांना पोल्गार यांचे नाव माहीत नव्हते आणि ही बातमी मात्र सर्वांना माहीत होती, म्हणून तर हा धागा काढावासा वाटला.

शिरपूरकर_पुण्यात

महाराष्ट्राचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो. खाडिलकर भगिनींना विसरून ही चर्चा पूर्ण होणार नाही. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली, आणि त्यानंतर जयश्री आणि रोहिणी यांच्यासह तिघी बहिणींनीच जवळपास दहा वर्षे हे विजेतेपद घरात ठेवले. एका घरातील तिघी बहिणी एकाच पदासाठी एकमेकींविरुद्ध बसतात, हे आज विचार केला तरी थक्क करणारे आहे. वडील नीलकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक असल्याने त्यांच्या यशाच्या बातम्या आमच्या शिरपूरच्या वाचनालयापर्यंतही पोहोचत, असे माझे वडील सांगतात.

पण त्यांचा मोठा वाद एकमेकींशी झाला नाही. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी यांना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला, त्यावर मोठा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते माक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्री असल्याच्या कारणावरून कोणाला अडवता येणार नाही. त्यामुळे ताईंचे मूळ विधान मला पटते. नंतरच्या काळात भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा गोखले या दोघीही प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. एकाच राज्यातल्या, एकाच काळातल्या दोन अव्वल खेळाडू, आणि त्यांच्यातील चुरशीवर मराठीत एखादा सविस्तर लेखही माझ्या वाचनात आलेला नाही. भुसावळच्या भाऊंची तक्रार येथे शंभर टक्के लागू पडते.

दुसरा मुद्दा भूमिकेतील मतभेदांचा आहे. २०१७ ची महिला जगज्जेतेपद स्पर्धा तेहरानला झाली आणि तेथे डोके झाकणे सक्तीचे होते. अमेरिकेच्या नाझी पैकिद्झे यांनी बहिष्कार टाकला. त्यावर इराणच्याच मित्रा हेजाझीपूर यांनी असे मत मांडले की बहिष्काराने इराणी स्त्रियांचेच नुकसान होईल, कारण देशात एवढी मोठी महिला स्पर्धा होणे हेच त्यांच्यासाठी महत्त्वाचे आहे. दोघींचेही म्हणणे मनापासूनचे होते. पुढे २०१९ च्या अखेरीस मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत हेजाझीपूर स्वतः डोक्यावरचे वस्त्र न घालता खेळल्या, त्यांना राष्ट्रीय संघातून काढण्यात आले आणि नंतर त्या फ्रान्सकडून खेळू लागल्या. आपल्या पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन यांनीही २०१८ मध्ये इराणमधील हमदान येथील आशियाई सांघिक स्पर्धेतून याच कारणाने माघार घेतली होती. युक्रेनच्या अ‍ॅना मुझिचुक तेहरानला अंतिम फेरीपर्यंत खेळल्या, पण त्याच वर्षाच्या शेवटी रियाध येथील जलद आणि अतिजलद स्पर्धांवर बहिष्कार टाकून त्यांनी आपली दोन्ही जागतिक विजेतेपदे सोडून दिली. यातली कोणती बरोबर आणि कोणती चूक, असे मला म्हणवत नाही. मतभेद होता, तो तत्त्वाचा होता, आणि प्रत्येकीने त्याची किंमत स्वतः मोजली.

भुसावळ_जंक्शन

शिरपूरकर, आपला प्रतिसाद वाचून हौ यिफान यांची आठवण झाली, आणि मला वाटते की त्यांच्या प्रकरणात ताईंचा आणि माझा असे दोन्ही मुद्दे एकत्र येतात.

चीनच्या हौ यिफान २०१० मध्ये सोळाव्या वर्षी जगज्जेत्या झाल्या. २०११ मध्ये तिराना येथे त्यांनी हंपी यांना ५.५–२.५ असे हरवले. पण पुढच्याच वर्षी पद पुन्हा बाद पद्धतीच्या स्पर्धेत पणाला लागले आणि दुसऱ्याच फेरीत सोच्को यांनी त्यांना बाहेर काढले. विजेत्या अ‍ॅना उशेनिना झाल्या. २०१३ मध्ये प्रत्यक्ष सामन्यात हौ यांनी उशेनिना यांना ५.५–१.५ असे हरवून पद परत घेतले. २०१५ मध्ये त्या बाद स्पर्धेत उतरल्या नाहीत, पद मारिया मुझिचुक यांच्याकडे गेले, आणि २०१६ मध्ये सामना होऊन ते ६–३ असे पुन्हा हौ यांच्याकडे आले. म्हणजे सामना झाला की हौ, बाद स्पर्धा झाली की दुसरी कोणी. त्याच वर्षी या पद्धतीचा निषेध करून त्या जगज्जेतेपदाच्या चक्रातून बाहेर पडल्या.

आता प्रश्न असा की उशेनिना किंवा मुझिचुक यांनी काय करायला हवे होते? त्यांनी आपल्यासमोरच्या नियमानुसार खेळून, एकेका प्रतिस्पर्ध्याला हरवून पद मिळवले. ज्या पद्धतीमुळे हौ यांच्यावर अन्याय झाला, त्याच पद्धतीमुळे या दोघींना संधी मिळाली. सर्व खेळाडूंचे हित एका बाजूला आणि संघटनेचे दुसऱ्या बाजूला, अशी सरळ मांडणी येथे होत नाही. खेळाडूंची हितेच परस्परविरोधी होती. ताई, या बिंदूवर आपले विधान मला अपुरे वाटते. २०१९ मध्ये कझान येथे महिलांची आव्हानवीर स्पर्धा पुन्हा सुरू झाली, रशियाच्या गोर्याच्किना तेथून पुढे आल्या आणि तेव्हाच्या जगज्जेत्या जू वेन्जुन यांच्याशी त्यांचा सामना ६–६ असा अटीतटीचा होऊन जलद डावांवर निकाल लागला. पद्धत नीट केली तर चुरसही नीट दिसते, हे मला त्यातून पटले. पण तोपर्यंत हौ निघून गेल्या होत्या.

जानेवारी–फेब्रुवारी २०१७ च्या जिब्राल्टर स्पर्धेत तर त्यांनी शेवटच्या फेरीत बाबू ललित यांच्याविरुद्ध मुद्दाम निरर्थक चाली करून पाच चालींत डाव सोडला, कारण आधीच्या नऊ फेऱ्यांत त्यांना सात वेळा महिला प्रतिस्पर्धी मिळाल्या होत्या. आयोजकांनी सांगितले की जोड्या संगणकाने लावल्या आहेत. मला संगणकावर विश्वास ठेवावासा वाटतो, तरी समोर बसलेल्या ललित यांचा यात काय दोष होता, हा प्रश्न उरतोच.

पंच_नंदुरबार

जिब्राल्टरबाबत एवढेच म्हणेन की स्विस पद्धतीत जोड्या गुण आणि मानांकन यांवर लागतात, आणि सात महिला प्रतिस्पर्धी येणे दुर्मिळ असले तरी शक्य आहे. खेळाडूने निषेध पंचाकडे नोंदवावा, पटावर नोंदवू नये. हौ यांच्याविषयी नितांत आदर असूनही मी हेच म्हणेन.

धुळेकर_पालक

मी या चर्चेत जरा स्थानिक विषय आणतो, तो मूळ विषयाशीच जोडलेला आहे. माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि आम्ही जळगाव, धुळे, नाशिक या पट्ट्यातील खुल्या जलद स्पर्धांना जातो. जळगावला जैन हिल्सवर राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा झाल्यापासून आपल्या भागात स्पर्धा वाढल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बहुतेक ठिकाणी मुलींसाठी ‘उत्कृष्ट मुलगी’ असे एकच बक्षीस असते. शंभरदीडशे मुलांमध्ये दहाबारा मुली असतात. शेवटच्या फेरीपूर्वी पालकांना संपूर्ण क्रमवारीत काही रस उरत नाही. सगळ्यांचे लक्ष दुसऱ्या मुलीला किती गुण झाले याकडे लागते. एका स्पर्धेत माझी मुलगी आणि तिची वर्गमैत्रीण यांचे गुण सारखे झाले. दोघी त्या दिवशी एकमेकींशी खेळल्याही नव्हत्या. बक्षीस मैत्रिणीला मिळाले, कारण काय ते कोणी सांगितले नाही, आणि परतीच्या बसमध्ये दोन्ही घरांतले मोठे लोक एकमेकांशी बोलले नाहीत. मुली मात्र मागच्या बाकावर बसून पट मांडत होत्या. याशिवाय तिला सर्वसाधारण गटातही बक्षिसाइतके गुण होते. ते मिळाले नाही, कारण तिचा विचार मुलींच्या गटातच होईल असे आयोजकांनी ऐनवेळी सांगितले.

दिव्या देशमुख यांनी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर जाहीरपणे लिहिले होते की प्रेक्षक त्यांच्या खेळापेक्षा केस, कपडे आणि उच्चार यांवर बोलतात. आमच्या लहानशा स्पर्धेतही मुलीच्या खेळापेक्षा दुसऱ्या मुलीशी तिची तुलना अधिक होते. सर्वोच्च पातळीवर जे पोल्गार यांच्याबाबत झाले, तेच लहान प्रमाणात येथे होत आहे असे मला वाटते.

पंच_नंदुरबार

धुळेकर भाऊ, समान गुण असताना बक्षीस कसे ठरले ते मी सांगतो, कारण हे कोणी समजावत नाही आणि त्यातूनच निम्मी भांडणे होतात. बहुतेक स्पर्धांत बुकोल्झ पद्धत वापरतात. आपण ज्यांच्याशी खेळलो त्या सर्वांच्या अंतिम गुणांची बेरीज म्हणजे आपला बुकोल्झ. ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक यशस्वी, त्याची बेरीज अधिक. यात गोची अशी की पहिल्या फेरीत आपण ज्याला हरवले तो मुलगा दुपारी स्पर्धा सोडून गावी निघून गेला, तर त्याचे गुण तेथेच थांबतात आणि आपला बुकोल्झ घटू शकतो. आपल्या मुलीचे बक्षीस अशा कोणा तिसऱ्याच मुलाच्या एसटीच्या वेळेवर ठरलेले असू शकते. त्यात तिच्या मैत्रिणीचा काहीच संबंध नाही.

तापीकाठ (चोपडा), धागाकर्ती

पंचसाहेब, हा प्रतिसाद छापून मी वर्गाच्या दारावर लावणार आहे.

भुसावळच्या भाऊंचा मुद्दा मी स्वीकारते, की एकच नियम एकीला अन्याय आणि दुसरीला संधी ठरू शकतो, आणि मग हितसंबंधांचा संघर्ष खरा असतो. तरीही तो संघर्ष उघड, आधी छापलेल्या नियमांवर झाला तर त्याचे वैर होत नाही. हंपी यांना बातुमीत अंतिम फेरी टायब्रेकवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या जलद डावांवर, गमवावी लागली. त्याआधी उपांत्य फेरीत लेइ तिंगजिए यांना त्यांनी टायब्रेकवरच हरवले होते. नियम दोन्ही वेळी तोच होता आणि सर्वांना आधीपासून माहीत होता, म्हणून त्या निकालावर कोणताही वाद झाला नाही. १९९३ ची चिठ्ठी आणि २०२५ चे जलद डाव यांत मला हाच फरक दिसतो.

आमच्या तालुक्याची जलद स्पर्धा दिवाळीच्या सुटीत आहे आणि या वेळी माहितीपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी असे सुचवणार आहे की समान गुणांचे निकष क्रमाने पत्रकातच छापावेत, मुलींना सर्वसाधारण आणि मुलींचे अशी दोन्ही बक्षिसे घेता यावीत, आणि मुलींची बक्षिसे एकाऐवजी पाच असावीत. यात काही अडचण आहे का?

पंच_नंदुरबार

दोन्ही बक्षिसांबाबत आयोजक खर्चाचे कारण सांगतील. तेव्हा निदान ‘दोहोंपैकी मोठे बक्षीस मिळेल’ असे छापून घ्यावे, म्हणजे मुलीला छोट्या बक्षिसावर ढकलता येणार नाही. निकषांत पहिला क्रम परस्परांतील डावाच्या निकालाला द्यावा, दुसरा बुकोल्झला. समान गुण असतील तर रोख रक्कम समान वाटावी आणि निकष फक्त चषकासाठी वापरावेत. पाच बक्षिसांना माझा पाठिंबा आहे.

धुळेकर_पालक

ताई, पत्रक तयार झाले की येथेच टाकावे. आमच्या भागातील आयोजकांना मी ते दाखवीन, आणि त्या मैत्रिणीच्या वडिलांनाही बरोबर नेईन. कुशनिर यांचे डाव कोठे मिळतील तेही भुसावळच्या भाऊंनी कृपया कळवावे, मुलीने विचारले आहे.

भुसावळ_जंक्शन

१९७२ च्या रीगा सामन्याचे डाव महाजालावरील डावसंग्रहांत गाप्रिंदाश्विली यांच्या नावाखाली सापडतील. तिला सुरुवातीला कुशनिर यांनी जिंकलेले डावच दाखवा.